व्हर्लिन स्टंबोचं घर परीक्षेला बसतं

व्हर्लिन स्टंबोच्या घरात शिरायचं तर दाराची मूठ जरा वर उचलायची, दम धरायचा आणि उजव्या कुल्ल्यानं एक ठेवून द्यायची. डाव्यानं दार उघडत नसे. क्रॉडॅड ओढ्याच्या घळीत पाच वर्षांच्या पोरापासनं पाद्र्यापर्यंत सगळ्यांना हे पाठ होतं. पाद्री तेवढा आधी इकडंतिकडं बघून घेई.

आत गेलं की सगळं घर त्याच वळणाचं. स्वयंपाकघरातला दिवा लागेना झाला की फ्रीजच्या डोक्यात थापट घालायची. कपाटाचं खालचं दार उघडलं की वरचं आपसूक उघडे, म्हणून वाकतानाच मान तिरकी धरायची. नळाला पाणी येईना तर मोरीसमोर टाच आपटायची. घराखाली बोअरचा पंप होता, त्याची कळ हादऱ्यानं जागी होई. आणि न्हाणीघराच्या दाराला आतल्या अंगानं मूठच नव्हती. खिळ्याला एक लाकडी चमचा टांगलेला असे. त्याचा दांडा भोकात घालून पिळला की माणूस मोकळा.

व्हर्लिनला ह्यात वावगं काही वाटत नसे. एकतीस वर्षं तो कोळशाच्या खाणीत माल वाहणाऱ्या पट्ट्याचा मिस्त्री होता. डोंगराच्या पोटात दीड मैल आत पट्टा बसला की नवा भाग यायला तीन दिवस लागत, आणि मुकादमाला तीन मिनिटं दम नसे. मग तारेचा तुकडा, बुटाचा बंद, जेवणाच्या डब्याची कडी, हाताला येईल ते लावायचं आणि पट्टा हलवायचा. हलला की झालं. तीच सवय घरी आली. त्याची बायको आयडेला होती तोवर तिलाही सगळे डाव ठाऊक होते. नऊ वर्षांमागं ती गेली आणि ते घर वापरता येणारा माणूस जगात एकच उरला.

तर अशा ह्या व्हर्लिनला बहात्तराव्या वर्षी पुन्हा लग्न करायचं होतं.

नवरी नोला रॅटलिफ. अडुसष्ट वर्षांची विधवा, शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं पळी चालवलेली. तिची पळी नुसती भांड्यावर वाजली की शंभर पोरं गप व्हायची. तिचं घर गावात, पोस्टाच्या मागं, आणि तिथलं प्रत्येक दार एका बोटानं उघडायचं.

नोला एका रविवारी व्हर्लिनकडं जेवायला आली आणि न्हाणीघरात गेली. चमच्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. व्हर्लिन मागच्या अंगणात गवत कापायच्या यंत्रावर बसलेला, यंत्राच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार! चाळीस मिनिटांनी तो आला तेव्हा नोला खिडकीतनं कमरेपर्यंत बाहेर आली होती आणि पुढंही जाईना, मागंही जाईना.

"मला हाक मारायची की," व्हर्लिन म्हणाला.

"मारली. डोंगरापल्याडच्या कुत्र्यांनी ओ दिली, तू न्हाई."

लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा तिनं एकच अट घातली. "घर वीक. मग लगीन."

"विकायचं कशाला? असू दे की पडून. काय खायला मागतंय का?"

"व्हर्लिन, माज्या घरातनं रुसून तू कुठं जाऊन बसशील त्ये मला चांगलं ठावं हाय. तुज्या थोरल्या भावानं काय केलं? लगीन करून अकरा वर्सं झाली आन् त्यातली नऊ आपल्या जुन्या घरात काढली. मला नवरा पायजे. रुसायला दुसरं घर आसलेला नवरा नको."

भाऊ अजून तिकडंच होता.

व्हर्लिननं घर विकायला काढलं आणि गिऱ्हाईक मिळालं. शॉना नावाची एक नर्स आणि तिचा नवरा. जोडपं नवं, हातात पैसा बेताचा, म्हणून सरकारी हमीचं कर्ज काढणार. व्यवहार बघत होती घरं विकून देणारी ऱ्होंडा प्रेटर. ती ह्याच घळीतली, व्हर्लिनच्या डोळ्यांदेखत वाढलेली. ती कागद घेऊन आली, दाराला सवयीनं कुल्ला दिला आणि टेबलाशी बसली.

"व्हर्लिनकाका, सरकार हमी घेणार म्हंजे आधी त्यांचा तपासणीस येणार. घराची किंमत ठरवणार आन् घर माणसानं राहायजोगं हाय का त्ये बघणार."

"मग मी काय जनावर हाय?"

"तुमचं न्हाई वो, घराचं बोलतीय मी. बरं, ऐका. बाहेरच्या रंगाला पोपडे नकोत. घर बावन्न सालचं, जुन्या रंगात विषारी शिसं असतंय. पायऱ्यांना कठडा पायजे. झोपायच्या खोलीची खिडकी उघडली पायजे."

"ती रंगानं चिकटलीय. वारं येत न्हाई, लई बरं असतंय."

"उघडली पायजे, काका. आग लागली तर माणसानं बाहेर कुठनं पडायचं? दिवे लागले पायजेत, नळाला पाणी पायजे. आन् शेवटाला तो घराखाली बघणार. रांगायची जागा हाय न्हवं खाली, तिथलं झाकण काढून डोकं आन् खांदे आत घालणार. नियमच हाय तसा. डोकं आन् खांदे."

"आन् बाकीचा माणूस?"

"बाकीचा बाहेर. आन् ह्यात नापास झालं तर कर्ज न्हाई, कर्ज न्हाई तर गिऱ्हाईक न्हाई."

'आणि गिऱ्हाईक नाही तर नोला नाही,' हे व्हर्लिननं आपलं आपणच मनात जोडलं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? दुरुस्त्या केल्या असत्या. व्हर्लिनच्या मते घरात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. तपासणीसाला माहिती नव्हती, एवढाच दोष. म्हणून त्यानं दोन दिवस बसून चिठ्ठ्या लिहिल्या आणि घरभर चिकटवल्या. 'इथं थापट.' 'आधी वर, मग खाली, मग घाई नको.' 'मान तिरकी.' मोरीसमोर जमिनीवर: 'टाच. उजवी.'

ऱ्होंडानं येऊन मोजल्या. सदतीस भरल्या.

"काका, ह्याला घर म्हणत न्हाईत. ह्याला कोडं म्हणत्यात. तपासणीस काय तुमचा पावणा हाय व्हय, चिठ्ठ्या वाचत फिरायला? त्यो बटण दाबणार, दिवा लागला तर लागला."

चिठ्ठ्या निघाल्या. व्हर्लिननं नाक मुरडत तारा बदलल्या, खिडकी सोडवली, खाणीतल्या जुन्या पाइपाचा कठडा केला. तो असा दणकट झाला की घर वाहून गेलं असतं तरी कठडा तिथंच राहिला असता. न्हाणीघराची मूठ ऱ्होंडाच्या यादीत नव्हती, म्हणून तिला कुणी हात लावला नाही.

राहिला रंग. आणि त्या घळीची रीत अशी, की शेजाऱ्याच्या खोपटात अर्धा डबा पडलेला असताना दुकानातनं रंग आणणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडात मारणं. शिवाय कुणी आणून दिलं तर नको म्हणायचं नाही. व्हर्लिनला रंग लागतोय ही बातमी चर्चमध्ये फुटली आणि शनिवारी सकाळी आठ वाजता जो तो आपला डबा घेऊन हजर झाला. शाळेच्या बसचा पिवळा आला. ट्रॅक्टरचा हिरवा आला. रविवारच्या बालवर्गाचा गुलाबी, बास्केटबॉलच्या मैदानाचा निळा, आणि कुणाच्या तरी बोटीच्या बुडाचा तांबडा. व्हर्लिननं ऱ्होंडाला फोन लावला.

"पोरी, रंग कुठला पायजे आसं कायदा म्हणतोय का?"

"रंग कुठलाबी चालंल. पोपडा चालत न्हाई."

"मग झालं."

आधी भिंतीच्या कडेनं ताडपत्र्या पसरल्या, भिंत ओली केली, मग खरवडली, आणि ऱ्होंडानं येऊन एकेक पोपडा वेचून पिशवीत भरला. मग ज्याचा डबा जिथं संपला तिथं दुसऱ्याचा सुरू झाला. दुपारी नोला सगळ्यांना घेवड्याची आमटी आणि मक्याचा पाव घेऊन आली. गाडीतनं उतरली आणि पळी हातात धरून उभीच राहिली.

"आगं बया! घर रंगवताय का गोधडी शिवताय?"

"पोपडा दाव एकतरी," व्हर्लिन शिडीवरनं म्हणाला.

नोलानं घराला एक फेरी मारली. पोपडा नव्हता. "डोळं मिटलं तर बरं दिसतंय," म्हणाली आणि आमटी वाढायला लागली.

तपासणी गुरुवारी दहा वाजता. गुरुवारी आठ वाजता पंप मेला.

व्हर्लिननं उजवी टाच आपटली. डावी आपटली. दोन्ही पायांनी उडी मारली. नळ नुसता उसासा टाकून गप. मग तो झाकण काढून घराखाली रांगत गेला. कळीच्या आतली कमान तुटलेली. आतल्या दोन पट्ट्या कुणी धरून एकमेकींना भिडवल्या तर पंप चालायचा, सोडल्या की बंद. नवी कळ गावात दुकानात मिळाली असती. जाऊन यायला पाऊण तास. पण नवी वस्तू विकत आणायची हा विचार व्हर्लिनच्या डोक्यात शिरलाच नाही. त्याच्या डोक्यात शिरला तो एस्टिल कॉनली.

एस्टिल म्हणजे व्हर्लिनचा खाणीतला सोबती. सत्तरीचा, वेळूच्या काठीसारखा वाळका, आणि बिळात शिरायला कुत्र्यापेक्षा उत्सुक. व्हर्लिननं त्याला बोलावून आणलं.

"वीज हाय लेका तिथं, बोटं लावू नको," व्हर्लिन म्हणाला. "लाकडानं दाबायचं. थांब." आणि घरातलं हाताशी होतं ते लाकूड आणून दिलं. न्हाणीघरातला चमचा. "मी टाच एकदा आपटली की दाब. दोनदा आपटली की सोड."

"आन् तीनदा आपटली तर?"

"तीनदा कशाला आपटीन मी?"

"इचारून ठेवलेलं बरं," एस्टिल म्हणाला आणि मांसाच्या चकत्यांचं सँडविच खिशात घालून आत सरपटला.

दहाला तपासणीस आला. लायल कॉडिल नाव, किडकिडीत, हातात कागद लावलेली पाटी, गळ्यात कॅमेरा. गाडीतनं उतरून तो बराच वेळ घराकडं बघत राहिला. मग बोटानं पिवळं खरवडून बघितलं, हिरवं खरवडून बघितलं, कठड्याला लोंबकळून बघितलं. पाटीवर खूण केली. व्हर्लिननं पुढचं दार सकाळीच दगड लावून उघडं ठेवलं होतं, तेव्हा साहेबाचा कुल्ला वाचला. नोला पुढच्या ओट्यावर मांडीवर पर्स घेऊन बसली होती, निकाल ऐकायला आल्यासारखी.

स्वयंपाकघरात कॉडिलनं नळाला हात घातला. व्हर्लिननं टाच आपटली. पाणी आलं. नळ बंद केला. व्हर्लिननं दोनदा आपटली. कॉडिलनं पाटीवरनं मान वर केली.

"तुम्ही नाचता का?"

आता त्या डोंगरात टाचेवर नाचणारी घराणी आहेत. वर अंग हलत नाही, खाली पाय जमीन बडवतात. व्हर्लिनला दुसरं काही सुचेना.

"घराण्यातच हाय, साहेब. उभा ऱ्हायलो की पाय ऐकत न्हाई."

कॉडिलचा चेहरा दिवा लागावा तसा उजळला. "माझा आजा नाचायचा! बॉल क्रीकचा कॉडिल म्हणून पाच घळींत नाव होतं त्याचं. त्यानं मला शिकवलंय. बघा, हे असं..." आणि पाटी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून साहेबानं सुरुवात केली. एक टाच, दोन चवडे, पुन्हा टाच, मग घोडा सुटल्यासारखं.

घराखाली एस्टिलची धांदल उडाली. दाब, सोड, दाब, सोड, सोड, दाब. पहिल्यांदा त्यानं हिशेब ठेवायचा यत्न केला. मग त्याला वाटलं, वर आग लागली असावी आणि व्हर्लिनला पाणी पाहिजे असावं. त्यानं चमचा दाबला तो दाबूनच धरला.

वर स्वयंपाकघराचा नळ आधी गुरगुरला, मग थरथरला, आणि मग त्याची टोपी उडून छताला लागली. पाण्याची धार सरळ वर. कॉडिल नाचता नाचता थांबला. व्हर्लिननं दोनदा टाच आपटली, चारदा आपटली, शेवटी खाली वाकून जमिनीलाच म्हणाला, "सोड की रं, मुडद्या!"

धार बसली.

"कुणाशी बोलताय?" कॉडिलनं भिजलेली पाटी झटकत विचारलं.

"पायाशी," व्हर्लिन म्हणाला.

"पाण्याला जोर चांगला आहे," कॉडिलनं लिहिलं. "जरा पुसून येतो." आणि तो न्हाणीघरात गेला आणि दार लोटलं.

ते दार लागल्याचा आवाज ऐकला मात्र, व्हर्लिननं धावत जाऊन मूठ पिळली. चमचा खाली, एस्टिलच्या हातात. बाहेरच्या अंगाची मूठ नुसती गोल फिरायची. ते दार उघडायचं ते आतनंच. आत साहेब.

थोड्या वेळानं आतनं खाकरल्याचा आवाज आला. मग, "स्टंबो, ह्याला मूठ नाही."

"हाय साहेब. म्हंजी, हाय, पण बाहेर गेलीय."

"कधी येईल?"

व्हर्लिन ओट्यावर धावत आला. "नोला, साहेब अडकला! चमचा एस्टिलकडं हाय, एस्टिलला बाहेर काढावं तर पंप बंद, न्हाई काढावं तर साहेब..."

नोला सावकाश उठली. पर्स उघडली. आतनं एक लाकडी चमचा काढला.

व्हर्लिन बघतच राहिला. "ह्यो कुठला?"

"माजा. त्या रईवारपासनं मी तुज्या घरात चमच्याबिगर पाय ठेवत न्हाई." ती मागच्या बाजूला गेली आणि न्हाणीघराच्या खिडकीतनं चमचा आत दिला. "साहेब, दांडा भोकात घाला आन् डावीकडं पिळा. खिडकीतनं यायला जाऊ नका. मी बघितलंय करून."

साहेब सुटला. बाहेर येऊन त्यानं चमचा नोलाला परत दिला, आभार मानले, आणि म्हणाला, "आता फक्त घराखालचं राहिलं."

व्हर्लिन काही बोलणार तोवर कॉडिलनं झाकण बाजूला केलं, गवतावर पालथा झाला, आणि नियमाप्रमाणं डोकं आणि खांदे आत घातले. बॅटरी लावली.

उजेडात एस्टिल होता. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात सँडविच, गाल भरलेला.

कॉडिलनं बॅटरी सँडविचवरनं चमच्यावर नेली.

"तुम्ही कोण?" कॉडिलनं विचारलं.

एस्टिलनं घास गिळला. खाणीतला माणूस, वरिष्ठानं अंधारात बॅटरी मारून विचारलं की आपलं काम सांगायचं, एवढं त्याला ठाऊक.

"मी पंप हाय," तो म्हणाला.

बाहेर व्हर्लिनला फक्त साहेबाचे पाय दिसत होते. पाय हलायला लागले. आधी बूट, मग पोटऱ्या, मग बुडासकट सगळा उरलेला माणूस गदगदायला लागला. व्हर्लिनला वाटलं, साहेबाला विजेचा झटका बसला. त्यानं त्याला घोट्याला धरून ओढून काढलं. साहेब हसत होता. डोक्यावर कोळ्याचं जाळं, डोळ्यांत पाणी. बोलायला गेला की पुन्हा खाली बघायचा आणि पुन्हा सुरू.

"झालं म्हणायचं," व्हर्लिन नोलाला म्हणाला. "गेलं आपलं लगीन."

"लिवा साहेब, जे खरं हाय त्ये लिवा," नोला म्हणाली. "त्याचं काय व्हायचं त्ये होऊ दे."

"तेच लिहितो," कॉडिल म्हणाला आणि गाडीत बसला. वळणापर्यंत गाडी नीट चालत नव्हती.

सोमवारी ऱ्होंडा निकाल घेऊन आली. टेबलाशी बसून तिनं वाचला. पाया चांगला. छप्पर आणखी पुष्कळ वर्षं टिकेल. कठडा गरजेपेक्षा मजबूत. रंगाला पोपडे नाहीत. किंमत मागितली तेवढी बरोबर. अट एकच: पंपाला नवी कळ बसवावी, आणि घराखालची जागा रिकामी करावी. पुन्हा येऊन बघण्यात येईल.

"रिकामी म्हंजी?" व्हर्लिननं विचारलं.

"म्हंजी एस्टिलकाका," ऱ्होंडा म्हणाली.

त्यावर व्हर्लिन दोन दिवस जुनी कळ घेऊन बसला. पेनातली स्प्रिंग त्यात बरोबर बसत होती, असं त्याचं म्हणणं. बुधवारी नोलानं त्याला गाडीत घातलं आणि दुकानात नेलं. कळा टांगल्या होत्या त्या भिंतीपुढं तो चर्चमध्ये उभा राहावा तसा टोपी काढून उभा राहिला.

"हिच्यापेक्षा माजी स्प्रिंग..."

"विकत घे."

त्यानं घेतली. दुकानदार गल्ला सोडून बाहेर आला आणि आतल्या पोराला हाक मारून म्हणाला, "आरं ये, बघ! व्हर्लिन स्टंबो नवी वस्तू नेतोय!"

कॉडिल पुन्हा आला. कळ बघायला त्याला दोन मिनिटं लागली. नाचायला अर्धा तास. ह्या वेळी पाणी गप राहिलं.

घर गेलं, लग्न झालं. नवऱ्याशेजारी एस्टिल उभा होता, कोट घालून. नोलानं त्याला आधी झाडून घेतलं होतं.

सहा आठवडे बरे गेले. सातव्यात व्हर्लिननं नोलाचा टोस्टर 'सुधारला'. पाव उडून पडद्यावर चिकटला. नोला बोलली, हा बोलला, तिनं पळी आपटली, ह्यानं टोपी घातली, गाडी काढली, आणि डोकं तापलेलंच असल्यानं हात आपसूक जिकडं वळवतील तिकडं गेला. क्रॉडॅड ओढा. गोधडीसारखं घर. दणकट कठडा. चार पायऱ्या. त्यानं मूठ वर उचलली, दम धरला, आणि उजव्या कुल्ल्यानं सगळ्या रागासकट एक ठेवून दिली.

दार लोण्यासारखं उघडलं. व्हर्लिन दिवाणखाना ओलांडून, गालिच्यावरनं घसरत, थेट नर्स शॉनाच्या पायाशी जाऊन थांबला.

शॉना कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला, नर्सच्या सवयीनं आधी त्याचं डोकं चाचपलं, मग मनगट.

"लागलं न्हाई ना, काका? नोलाकाकूंचा फोन आला होता आत्ताच. म्हणाल्या, येईल तो. पडला की उठवा, कॉफी देऊ नका, परत धाडा."

व्हर्लिन उठला. गुडघे झटकले. दाराशी गेला, एका बोटानं उघडलं, एका बोटानं लावलं. पुन्हा उघडलं. वाकून बिजागऱ्या बघितल्या.

"नव्या?"

"नव्या."

"विकत?"

"विकत," शॉना म्हणाली.

"हं," व्हर्लिन म्हणाला. टोपी उचलली आणि घरी गेला.